कालस्मरणाचे मानसशास्त्र : नवी मुंबईच्या निमित्ताने

कालाचे ज्ञान करून देणारे स्वतंत्र इंद्रिय मनुष्यास नाही. रंगासाठी डोळा आहे, ध्वनीसाठी कान आहे; परंतु अवधीचे मापन मनाला अन्य अनुभवांच्या साहाय्यानेच करावे लागते. असे असूनही व्यवहारात कालस्मरणावर पुष्कळ भिस्त ठेवली जाते. नवी मुंबईतील मूळ गावांत तर हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरत नाही. घर केव्हा बांधले, जमीन केव्हा गेली, भाऊ केव्हा विभक्त झाले, या प्रश्नांच्या उत्तरांवर तेथे हक्क अवलंबून असतात; आणि जेथे कागद नाही, तेथे वडीलधाऱ्यांच्या स्मृतीचाच आधार घ्यावा लागतो. ही स्मृती कशी घडते, हे म्हणूनच पाहिले पाहिजे.

प्रथम एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. अवधी चालू असताना होणारा कालबोध निराळा आणि तो संपल्यावर केलेला अंदाज निराळा. पहिल्यात अवधानास महत्त्व असते. गाडीची वाट पाहणाऱ्याचे लक्ष कालाकडेच लागलेले असल्यामुळे त्याला दहा मिनिटेही सरता सरत नाहीत. दुसऱ्यात स्मृतीत उरलेल्या बदलांना महत्त्व असते. विविध अनुभवांनी भरलेला काळ चालू असताना झरझर जातो, पण मागाहून दीर्घ भासतो. रिकाम्या काळाचे नेमके उलट होते, हे विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच नमूद केले होते. वाशीहून मुंबईस वर्षानुवर्षे जाणाऱ्या नोकरदाराचे सहस्रावधी प्रवास स्मृतीत जणू एकाच प्रवासात विलीन होतात, ते यामुळेच.

घटनेच्या कालनिर्णयाचीही गोष्ट अशीच आहे. घटना स्मृतीत साठविली जाताना तिच्यावर बहुधा सनाचा शिक्का बसत नाही. ती कोणत्या परिचित घटनेच्या आधीची व कोणत्या नंतरची, याचा विचार करून सन अनुमानाने ठरविला जातो. पुण्यात १९६१ चा पानशेतचा पूर आणि ग्रामीण महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ हे अशा परिचित घटनांचे नमुने होत. तथापि प्रत्येक मोठी घटना असा टप्पा बनत नाही. नॉर्मन ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बोस्नियातील लोक स्वतःच्या आयुष्यातील प्रसंगांचा काळ सांगताना युद्धाचा आणि तुर्कस्तानातील इझमित येथील लोक १९९९ च्या भूकंपाचा वारंवार आधार घेत असल्याचे आढळले. न्यूयॉर्कमधील लोकांनी मात्र ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याचा तसा आधार क्वचितच घेतला. घटनेचा गाजावाजा किंवा तिने जागविलेली भावना येथे निर्णायक नसून दैनंदिन जीवनाची घडी मोडणे निर्णायक असते, असा याचा अर्थ लावला जातो.

हा विचार नवी मुंबईस लावून पाहता येतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. तोपर्यंत येथील आगरी-कोळी कुटुंबांचे जीवन भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांच्या चक्राने बांधलेले होते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे मासेमारीस घड्याळापेक्षा तिथीच अधिक उपयोगी पडे. जमिनीबरोबर हे चक्रही मोडले. म्हणून भूमिपुत्रांच्या स्मृतीत ‘संपादनापूर्वी’ आणि ‘संपादनानंतर’ असे दोन कालखंड पडणे स्वाभाविक होय. बाहेरून येथे राहावयास आलेल्या कुटुंबाचा टप्पा मात्र त्याचे स्वतःचे स्थलांतर हा असतो. १९७३ चा खाडीपूल किंवा १९९२ मध्ये वाशीस आलेली रेल्वे हे फार तर त्याचे साहाय्यक टप्पे होत. एकाच शहरात अशा रीतीने दोन स्मृतिपंचांगे नांदतात. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांचे स्मरण दरवर्षी केले जात असल्यामुळे येथे दिनांकही टिकला आहे. पुनरुच्चाराविना सन टिकणे कठीण असते.

या स्मृतीत दोषही संभवतात. अमेरिकेत घरदुरुस्तीच्या खर्चाविषयी नेटर व वॅक्सबर्ग यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लोक आधीच्या दुरुस्त्या पुढे ओढून अलीकडच्या कालखंडात घालतात, असे दिसून आले. हा दोष सांगणाऱ्याच्या हिताविरुद्धही जाऊ शकतो, कारण मुदतीपूर्वी बांधलेले घर त्यामुळे मुदतीनंतरचे ठरेल. शिवाय वृद्धांना दहा ते तीस या वयातील आठवणी विशेष येतात. १९७० मध्ये विशीत असलेल्यांच्या बाबतीत तारुण्याचा प्रभाव कोणता आणि संपादनाचा कोणता, हे वेगळे करण्यासाठी निरनिराळ्या वयोगटांची तुलना करावी लागेल.

यावरून पृच्छेची पद्धती ठरते. ‘घर कोणत्या साली बांधले?’ असे एकदम विचारण्यापेक्षा, तेव्हा खाडीपूल झाला होता का, थोरल्या मुलाचे नाव शाळेत घातले होते का, असे विचारून प्रथम घटनाक्रम लावावा आणि मग तो शाळेच्या नोंदवहीशी अथवा शिधापत्रिकेशी ताडून पाहावा. सांगितलेला सन चुकला एवढ्यावरून साक्ष असत्य ठरवू नये. क्रम सुसंगत असेल, तर त्या साक्षीस पुरावा म्हणून विचारात घेणे न्याय्य ठरते.