मनगटावरचा पहारेकरी

कोथरूडहून सदाशिव पेठेतल्या क्लासला जाणाऱ्या मुलाच्या मनगटावर सिमकार्डाचे घड्याळ बांधले, की आईबाबा निर्धास्त होतात. पण नेमके तिन्हीसांजेला, मूल घरी परतायच्या वेळी, ते मान टाकते. असे का व्हावे?

घड्याळाची बॅटरी फोनच्या बॅटरीपुढे चिमुकली. काम मात्र फोनचेच. टॉवरशी बोलायचे, उपग्रहांवरून ठावठिकाणा काढायचा. तळघरात किंवा जाड भिंतींच्या वाड्यात सिग्नल क्षीण झाला, की त्याला जास्त जोर लावावा लागतो. दर मिनिटाला ‘कुठे आहेस?’ विचारणारे पालकही तीच शक्ती खर्चतात.

तेव्हा ठावठिकाणा मोजकाच विचारावा, घड्याळ रोज रात्री चार्जिंगला लावावे. आणि घरचा नंबर मुलाकडून तोंडपाठ करून घ्यावा. घड्याळ बंद पडले, तर कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन करायला तोच उपयोगी पडेल.