जुन्या स्टिरिओ अँप्लिफायरचें निदान

मत्स्योदरी देवीचें अंबड हें गाण्याचेंही गांव आहे. येथील दत्तजयंतीचा संगीतोत्सव मराठवाड्यांतील रसिकांना परिचित आहे. अशा गांवांत एखाद्या माळ्यावर तबकड्यांच्या गठ्ठ्याशेजारीं जुना स्टिरिओ अँप्लिफायर निघाला, तर नवल नव्हे. तो बिघडला कीं भंगारांत जातो आणि घरांतल्या तबकड्याही मुक्या होतात. वस्तुतः अशा यंत्राचा रोग ओळखण्याचें उत्तम साधन त्याच्याच पोटांत असतें.

मनुष्याला दोन कान असल्यामुळें ध्वनीची दिशा कळते. या तत्त्वावर ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनियरानें १९३१ सालीं डाव्या व उजव्या ध्वनीच्या स्वतंत्र मुद्रणासाठीं पेटंटाचा अर्ज केला. स्टिरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास सर्वत्र विकल्या जाऊं लागल्या. त्या वाजविणाऱ्या पेटींत एक नव्हे, तर दोन सारखेच अँप्लिफायर असतात. वीज मात्र बहुधा दोघांना एकाच ठिकाणाहून मिळते. म्हणून दोन्ही बाजू एकदम बिघडल्या, तर संशय प्रथम वीजपुरवठ्याचा घ्यावा. एकच बाजू बिघडली, तर दुसरी तिची साक्षीदार होते.

परंतु श्रोतेहो, यंत्रापेक्षां जीव मोलाचा. घरांतील वीज २३० व्होल्टची असते. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत विजेचा सांठा उरतो. तो योग्य रेझिस्टरमधून उतरवून व मीटरनें पाहून मगच आंत हात घालावा. वर्षानुवर्षें बंद असलेलें यंत्र थेट विजेला जोडूं नये. तारेचा तंतु असलेला १०० वॉटचा दिवा मध्यें सिरीजमध्यें जोडावा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखर पेटतच राहिला, तर आंत शॉर्ट आहे असें समजावें.

यानंतर स्पीकर न जोडतां प्रत्येक बाजूच्या स्पीकरच्या टोंकांवर डी. सी. व्होल्टेज मोजावें. तें शून्याच्या जवळपास असावें. तेथें कांहीं व्होल्ट आढळले, तर त्या बाजूचा आउटपुट ट्रान्झिस्टर जळालेला असण्याचा संभव असतो. अशा बाजूला चांगला स्पीकर जोडून पाहणारा मनुष्य तो स्पीकरही गमावून बसतो.

हें व्होल्टेज ठीक असेल, तर यंत्र बंद करून तबकडीयंत्राकडून येणाऱ्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. मुकेपणा दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष तबकडीयंत्रांत किंवा तारेंत आहे. जागचा हलला नाहीं, तर अँप्लिफायरांत किंवा स्पीकरांत.

आवाजही पुष्कळ कांहीं सांगतो. बटण फिरवितांना खरखर झाली, तर व्हॉल्यूम कंट्रोलमध्यें धूळ बसली आहे. त्यास साफ करण्याचा स्प्रे बहुधा पुरतो. आवाज शून्यावर आणला तरी गुणगुण कायम राहिली, तर वीजपुरवठ्याचे कंडेन्सर सुकले असावेत. नवे घालतांना तितक्याच क्षमतेचे, व्होल्टेजला कमी नसलेले घ्यावेत आणि धन-ऋण टोंकें जपावीं. उलटे लावल्यास ते फुटतात. गुणगुण बटणाबरोबर कमी-जास्त होत असेल, तर येणाऱ्या तारेची जाळी तुटली आहे काय, तें पाहावें.

एवढ्यानेंही दोष न सांपडल्यास दोन्ही बाजूंच्या समान बिंदूंवर मीटर लावून आंकडे शेजारीं शेजारीं लिहावेत. चालू स्थितींतील सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस व एमिटरमध्यें साधारण ०.६ व्होल्ट मिळतात. जेथें दोन बाजूंचे आंकडे फारकत घेतात, तेथेंच शोध घ्यावा.

सगळेच भाग बदलणाऱ्याला यंत्र कशानें बिघडलें होतें, हें कधींच कळत नाहीं. चांगल्या बाजूला आधीं प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा थोडकेच भाग बदलावे लागतात, आणि माळ्यावरचें गाणें पुन्हा बैठकींत येतें.