ब्रेकची खरखर

मोटारगाडीच्या इंजिनात बिघाड झाला, तर बहुधा गाडी जागच्या जागी उभी राहते. खोळंबा होतो, पण जिवावर बेतत नाही. ब्रेकचे तसे नाही. तो बिघडला म्हणजे गाडी थांबत नाही! म्हणून श्रोतेहो, पेडल दाबताच चाकातून खरखर ऐकू येऊ लागली, तर ती कानाआड करू नये.

ब्रेक हे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन होय. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या १,००० किलोग्रॅम वजनाच्या गाडीत सुमारे १,३९,००० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. तेवढ्या उष्णतेने २० अंश सेल्सियसवरचे सुमारे ४०० ग्रॅम पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. हा सारा भार आजच्या बहुतेक गाड्यांत, निदान पुढच्या चाकांत तरी, चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर येतो. कॅलिपर नावाचा चिमटा तिला दोन्ही बाजूंनी पॅड लावून आवळतो. या रचनेचे पेटंट इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले होते. पण तिचा बोलबाला झाला तो १९५३ साली, जग्वार गाडीने ल मान्सची शर्यत डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकल्यानंतर.

पॅड हा पोलादी पाठीवर चिकटवलेला घर्षणद्रव्याचा थर असतो. नवा असताना तो साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो आणि झिजत जाणे हाच त्याचा धर्म. थर संपला की पोलाद थेट बिडावर घासू लागते, आणि तीच ती खरखर.

परंतु प्रत्येक आवाजाचा अर्थ एक नव्हे. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो; सकाळी दोन-चार वेळा ब्रेक दाबला की तो निघून जातो आणि आवाजही थांबतो. त्यात काळजीचे कारण नाही. कच्च्या रस्त्यावरून आल्यानंतर सतत करकर होत असेल, तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांमध्ये खडा अडकलेला असण्याचा संभव असतो. ब्रेक न दाबताही वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते. अनेक पॅडना एक पातळ पोलादी जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला टेकून चिरका आवाज करते. ही पहिली सूचना. ती दुर्लक्षिली, की ब्रेक दाबताच जड खरखर सुरू होते. त्यानंतर गाडी चालवणे म्हणजे डिस्कही गमावणे आणि थांबण्याचे अंतर वाढवणे.

तपासणी घरी करता येते. सपाट, टणक जागेवर गाडी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना ठोकळे लावावेत. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. गाडी जॅकने उचलल्यावर तिचा भार लोखंडी स्टँडवर द्यावा. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालू नये. चाक काढून आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड पाहावेत. थर ३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरला असेल, तर पॅड बदलावेत. दोहोंपैकी एकच फार झिजला असेल, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना किंवा पिस्टन अडकलेला असतो. नुसते नवे पॅड घालून तो दोष जात नाही. डिस्कवर खोल चरे दिसले, किंवा तिची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापाखाली गेली असली, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलाव्यात.

पॅडही नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. मात्र एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी नमुना म्हणून समोर राहते. धूळ फुंकून उडवू नये. ती फुप्फुसांना घातक असते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावी. सोडवलेला कॅलिपर नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. पिस्टन शिकंज्याने सावकाश मागे रेटावा. त्या वेळी वरच्या टाकीतील ब्रेक ऑईल चढते. ते सांडल्यास रंग खाते. पिनांना उष्णता सोसणारे खास ग्रीस लावावे. पण पॅडवर वा डिस्कवर त्याचा थेंबही पडू देऊ नये. बोल्ट आणि नट गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याइतकेच आवळावेत. शेवटी, गाडी हलवण्यापूर्वी पेडल टणक लागेपर्यंत ते पुन:पुन्हा दाबावे. हे विसरल्यास पहिल्याच वळणावर पेडल तळाला जाईल. ऑईलची पातळी पाहून मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने काही वेळा हलकेच ब्रेक लावून पॅड बसवून घ्यावेत.

मात्र हौसेला मर्यादा हवी. पेडल मऊ लागत असेल, कॅलिपर ऑईलने ओला दिसत असेल, किंवा आवाज मागच्या ड्रममधून येत असेल, तर काम जाणत्या मिस्त्रीकडे सोपवावे आणि गाडी तेथवर ओढून न्यावी. बेळगावहून चोर्ला घाटाने वा आंबोलीने खाली उतरताना इंजिनाला खालच्या गिअरमध्ये ठेवल्यास ब्रेकवरचा बराच भार हलका होतो आणि पॅडही अधिक टिकतात. परंतु घाटात अचानक गुरे आडवी आली, तर गिअर उपयोगी पडत नाही. तेथे ब्रेकच लागतो. अर्ध्या दिवसाचे हे काम त्या एका क्षणासाठी करायचे असते.