पुसले तरी उरते
मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम कोणा एका कंपनीच्या मुठीत नाही. निरनिराळ्या व्यक्ती व संस्था आपापले सर्व्हर चालवितात. ते परस्परांशी जोडलेले असतात. २०१९ च्या नोव्हेंबरात ट्विटरवर रुसून पुष्कळ भारतीय तिकडे वळले. ही स्वायत्तता आम्हांसही प्रिय आहे. परंतु मन्नाएखेळ्ळीहून टाकलेले मैत्रिणीचे छायाचित्र अनुयायांच्या सर्व्हरांवर, कदाचित जर्मनीतही, उमटते. पुढे ते पुसले, तर पुसण्याची सूचना सर्वत्र जाते खरी. प्रत्येक सर्व्हर ती पाळीलच असे नाही. खाजगी निरोपदेखील सर्व्हरचालकास वाचता येतात. म्हणून तिची संमती आधीच घ्यावी. खाजगीपणा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. त्यातील अर्जदार पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते.