वूस्टरचं पत्र : नदी रंगवणारा आणि कालवा खणणारा

इंग्रजांच्या मनातलं खेडं ठरून गेलेलं आहे. संथ नदी, काठाला चर्चचा मनोरा, गवतानं शाकारलेली दोन-चार घरं आणि वेळ शक्यतो संध्याकाळची. कॅलेंडरवर तेच, बिस्किटांच्या डब्यावरही तेच. हे खेडं बऱ्याच अंशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या चित्रकारांनी घडवलं. त्यांतला एक मोठा कारागीर या वूस्टर गावचा: बेंजामिन विल्यम्स लीडर (१८३१–१९२३).

त्याचं गाजलेलं चित्र 'फेब्रुवारी फिल डाइक', १८८१ सालचं. ते आज बर्मिंगहॅमच्या संग्रहालयाच्या मालकीचं आहे. पाऊस नुकताच थांबलाय, गाडीवाटेच्या चाकोऱ्या पाण्यानं भरल्यात, झाडं निष्पर्ण, बाजूला घरं आणि डबक्यांत मावळतीचा पिवळा उजेड. याच्या छापील प्रती इंग्रजांच्या दिवाणखान्यांत अनेक वर्षं टांगलेल्या असत.

चित्र सुंदर आहे, पण भातशेती जाणणाऱ्या आपल्या रायगडकराला एक प्रश्न पडेलच: एवढं पाणी साचलंय, मग पिकाचं काय? प्रश्न रास्त आहे. दोनच वर्षांपूर्वी, १८७९ साली, इथला उन्हाळा पावसात वाहून गेला होता आणि पिकं शेतातच कुजली होती. त्यात अमेरिकेचा स्वस्त गहू बंदरांत उतरू लागला. शेतमजूर गावं सोडत होते. घर गळतं की नाही, हे चित्रात कळत नाही.

घेणाऱ्याला ते कळायला नकोही होतं. १८५१ च्या जनगणनेतच दिसलं होतं की इंग्लंड-वेल्समधली निम्म्याहून जास्त माणसं आता शहरांत राहतात. कारखान्यांच्या धुरात पैसा मिळवलेला माणूस भिंतीवर खेडं टांगू लागला. मांडव्याला रो-रोतून उतरून शनिवार-रविवारच्या बंगल्याकडे जाणारी मुंबई पाहिलेल्यांना ही ओढ मी काय समजावणार?

लीडरच्या नद्यांतलं पाणी आरशासारखं स्थिर असतं. मला वाटे, ही चित्रकाराची हौस. रेवदंड्याच्या खाडीत कुंडलिकेचं पाणी असं कधी थांबतं? भरतीला होड्या डुलतात, ओहोटीला त्याच चिखलात कललेल्या. चित्रकारानं कागद ताणेपर्यंत काठ बदललेला असतो. पण वूस्टरच्या सेव्हर्न नदीचं हे स्थैर्य थेट चित्रकाराच्या घरातूनच आलंय. वडील एडवर्ड लीडर विल्यम्स सेव्हर्नच्या जलवाहतुकीचे अभियंते होते. १८४० च्या दशकात वूस्टरच्या आसपास नदीत बंधारे पडले, पाणी अडवून नावांना वर-खाली नेणारे दरवाजे बसले, आणि माल नेण्यापुरती खोली टिकू लागली. इंग्रज ज्याला निसर्ग म्हणून उसासे टाकतो, तो बरेचदा असा मोजूनमापून बांधलेला असतो.

थोरला भाऊही अभियंता, नाव वडिलांचंच. मँचेस्टरचा जहाजकालवा त्याच्या देखरेखीखाली झाला. १८८७ ला खोदाई सुरू, १८९४ ला राणीच्या हस्ते उद्घाटन, लांबी सुमारे ५८ किलोमीटर. त्या कालव्यामुळे कापसाच्या गासड्या लिव्हरपूलला न उतरवता थेट मँचेस्टरला नेता येऊ लागल्या. तेव्हा आपला रायगड जिल्हा 'कुलाबा' होता आणि तिथली माणसं मुंबईच्या गिरण्यांत त्याच मँचेस्टरशी स्पर्धा करणारं सूत कातत होती. भावाला 'सर' ही पदवी मिळाली.

आता गंमत पाहा. खेड्यांच्या या चित्रकारानं १८९१ साली भावाचं कामही रंगवलं. त्यात ईस्टहॅमजवळ कालव्यासाठी खणलेला प्रचंड चर आहे आणि मागे उपसलेल्या मातीची टेकडी. त्या टेकडीला एका अभियंत्याचं नाव पडलं, 'माउंट मॅनिस्टी'. माझ्या मते त्यातला लीडर जास्त खरा आहे. इथे त्यानं काही लपवलेलं नाही. कॅलेंडरवाल्यांना मात्र ते चालत नाही. ते चित्र चेशरमधल्या टॅटन पार्क या वाड्यात आहे. वाडा तेव्हा एगर्टन घराण्याचा होता, आणि कालवा कंपनीचे अध्यक्ष होते लॉर्ड एगर्टन.