बर्फावरील शर्यतींच्या एंजिनांचा जीर्णोद्धार

जुन्या वस्तू जमविण्याची हौस मनुष्याच्या ठिकाणीं उपजतच असावी. कोणी जुनीं नाणीं जमवितो, कोणी पोस्टाचीं तिकिटें, कोणी हस्तलिखित पोथ्या. या वस्तू टिकाव्या अशाच बुद्धीनें मुळांत केलेल्या असतात. परंतु एका हिवाळ्यांत झिजून जावें व पुढच्या हिवाळ्यांत अडगळींत पडावें, एवढ्याच आयुष्यासाठीं घडविलेल्या वस्तू शोधून काढून त्यांस पुनरपि सजीव करणारीं माणसें जगांत आहेत, हें ऐकून आमच्या पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. कॅनडा आणि अमेरिका यांच्या बर्फाळ पट्ट्यांत हिमगाड्यांच्या शर्यतींचीं जुनीं एंजिनें जमविणारे लोक अशांपैकीं होत.

हिमगाडीस तिकडे 'स्नोमोबाइल' म्हणतात. तिच्या पुढील अंगास दिशा देणाऱ्या दोन घसरपट्ट्या असतात व मागें रबराचा एक रुंद, अखंड पट्टा असतो. एंजिन हा पट्टा फिरवितें आणि ज्या भुसभुशीत बर्फांत घोड्याचे पाय रुततील त्यावरून गाडी सहज पळत जाते.

हिच्या जन्माची कथा करुण आहे. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत व्हालकूर या गांवीं १९०७ सालीं जोझेफ-आर्मां बोंबार्डिए याचा जन्म झाला. १९२२ सालच्या अखेरीस, अवघ्या पंधराव्या वर्षीं, त्यानें फोर्ड मोटारीचें जुनें एंजिन एका घसरगाडीवर बसविलें व त्याला विमानासारखा पंखा लावून ती गाडी बर्फावर पळवून दाखविली. तो उघडा पंखा पाहून वडिलांच्या काळजाचा ठोका चुकला व त्यांनीं गाडी तत्काळ मोडावयास लाविली. पुढें १९३४ च्या हिवाळ्यांत बोंबार्डिएचा दोन वर्षांचा मुलगा पोटांतील रोगानें एकाएकीं अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फानें बुजलेले. मुलास इस्पितळांत नेण्यास साधन नाहीं. आणि मूल बापाच्या डोळ्यांदेखत गेलें. त्यानंतर या मनुष्यानें हातचें काम सोडलें नाहीं. दांतेरी चाक व रबरी पट्टा यांच्या त्याच्या योजनेस १९३७ सालीं पेटंट मिळालें आणि सात माणसें बसतील अशा गाड्या डॉक्टर, टपालवाले व शाळेचीं मुलें यांच्या उपयोगीं पडूं लागल्या. एकदोन माणसांसाठीं केलेली त्याची लहान गाडी, 'स्की-डू', १९५९ सालीं बाजारांत आली. १९६४ सालीं तो वारला.

संकटांतून जन्मलेलें साधन थोड्याच वर्षांत खेळाचें साधन झालें. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन संस्थानांत ईगल रिव्हर या गांवीं १९६४ पासून हिमगाड्यांच्या शर्यती भरूं लागल्या व तेथील विजेत्यास जगज्जेता म्हणण्याचा प्रघात पडला. १९७४ सालचा तेथील जगज्जेता झिल व्हिलनव्ह हा क्वेबेकचाच तरुण. पुढें फेरारी कंपनीचा मोटारचालक म्हणून त्याची कीर्ति जगभर झाली व १९८२ सालीं बेल्जममध्यें झोल्डर येथील मार्गावर त्यास मृत्यु आला. पुढच्या गाडीनें उडविलेल्या बर्फाच्या धुरळ्यांत कांहींएक दिसत नसतां गाडी कशी हांकावी, हें आपण हिमगाडीवर शिकलों, असें तो सांगत असे.

१९७० च्या सुमारास या गाड्या करणारे कारखाने शंभरांहून अधिक होते. त्यांतील बहुतेक कारखाने एंजिन स्वतः करीत नसत. ऑस्ट्रियांतील रोटॅक्स, जर्मनींतील झाक्स व हिर्थ, अमेरिकेंतील कोहलर, जपानांतील फुजी व कावासाकी यांच्याकडून तें विकत घेत. शर्यतींत जिंकेल त्याची गाडी खपे, म्हणून दरवर्षीं थोडींशीं खास एंजिनें केवळ शर्यतीसाठीं होत. त्यांत वारा घालणारा पंखासुद्धां नसे. पंखा फिरविण्यांत शक्ति जाते म्हणून तो काढून टाकीत व धांवतांना लागणाऱ्या वाऱ्यावरच एंजिन थंड राही. १९७३ सालीं तेलाचा तुटवडा झाला, मंदी आली, आणि एकामागून एक कारखाने बंद पडले. त्यांबरोबर सांचे, नकाशे व सुटे भागही गेले. हीं एंजिनें आज दुर्मिळ आहेत तीं यामुळें.

आतां या एंजिनांत जमविण्यासारखें असें काय असतें, तें पाहूं. साध्या मोटारीच्या एंजिनांत दट्ट्याच्या चार फेऱ्यांत एकदां स्फोट होतो. यांत दोन फेऱ्यांत एकदां होतो. याला निराळ्या झडपा नाहींत. नळकांड्याच्या भिंतींतच द्वारें कोरलेलीं असतात आणि वरखालीं होणारा दट्ट्याच तीं उघडतो व झांकतो. हें द्वार एक मिलिमीटर उंच केलें तरी एंजिनाचा स्वभाव पालटतो. म्हणून शर्यतीचा कारागीर कारखान्यांतून आलेलें नळकांडें घेऊन बसे व बारीक हत्यारानें तीं द्वारें आपल्या अनुभवाप्रमाणें घांसून घेई. यामुळें एकाच सांच्यांतून निघालेलीं दोन एंजिनें शेवटीं सारखीं राहात नसत. जाणता संग्राहक नळकांड्यांत दिवा धरून त्या खुणा पाहतो आणि हात कोणत्या कारागिराचा असावा याचा अदमास करतो. आम्हीं आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. लेखकूच्या अक्षराच्या वळणावरून पोथी कोठली हें ओळखणारे शास्त्री आम्हीं पाहिले आहेत. हें ज्ञान त्याच जातीचें होय.

या एंजिनांत वंगण पेट्रोलांतच मिसळावें लागतें, आणि शर्यतीचे कित्येक कारागीर त्यासाठीं एरंडेल पसंत करीत! आमच्या घरांतील लेंकरांस जें नांव ऐकतांच तोंड फिरवावेंसें वाटतें, तेंच हें एरंडेल. अति तापलेल्या धातूवर दुसरीं तेलें जळून जातात, तेथें एरंडेल चिकटून राहतें. परंतु थंडींत तें पेट्रोलांत नीट मिसळून राहात नाहीं, खालीं बसतें. आणि एंजिन वर्षानुवर्षें पडून राहिलें कीं लाखेसारखा चिवट पापुद्रा होऊन सर्व भाग जखडून टाकतें. जुन्या एंजिनाचा जीर्णोद्धार पुष्कळदां हा पापुद्रा सोडविण्यापासूनच सुरू होतो.

येथें उतावळेपणा घातक ठरतो. जखडलेला दट्ट्या जोरानें फिरवूं नये. पातळ तेल घालून दिवसचे दिवस मुरूं द्यावें. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें व जागा लिहून ठेवावी. मग नळकांड्याचा व्यास निरनिराळ्या उंचीवर मोजावा. झीज थोडी असेल तर लोखंडी अस्तर किंचित् कोरून मोठ्या मापाचा दट्ट्या बसवितां येतो. परंतु ज्यांच्या आंतून क्रोमचा मुलामा असतो त्यांस असें कोरतां येत नाहीं, मुलामाच नवा द्यावा लागतो. एंजिनाचा मुख्य फिरता दांडा अनेक तुकडे दाबून एक केलेला असतो. तो दाबयंत्रावर सोडवून, नवीं बेअरिंगें घालून पुन्हां जोडतात आणि मिलिमीटरचे शतांश दाखविणाऱ्या घड्याळावर फिरवून सरळ करतात. वाळलेलीं रबरी सीलें बदलावींच लागतात. शेवटीं सर्व तोंडें बंद करून एंजिनांत दर चौरस इंचास सुमारें सहा पौंड दाबाची हवा भरतात व तो दाब मिनिटें मोजून टिकतो कीं नाहीं तें पाहतात. कोठें सुईच्या अग्राएवढी फट राहिली तरी तेथून जादा हवा आंत शिरते, इंधनाचें प्रमाण कमी होतें, आणि महिन्यांच्या श्रमानें बसविलेला दट्ट्या क्षणार्धांत वितळतो. थंड हवा घन असल्यामुळें तिला इंधनही अधिक लागतें. म्हणून शर्यतीच्या दिवशीं पारा पाहून कार्बुरेटरांतील पितळी तोटी बदलण्याची चाल आहे.

हल्लींच्या पेट्रोलानें एक नवी अडचण आणली आहे. त्यांत मद्यार्क मिसळलेला असतो. आपल्या देशांतही २०२५ सालीं त्याचें प्रमाण शेंकडा वीसपर्यंत पोंचलें. हा मद्यार्क हवेंतील पाणी ओढून घेतो व जुन्या काळचें रबर फुगवून निकामी करतो. म्हणून हे संग्राहक मद्यार्करहित पेट्रोल शोधून आणतात व काम झाल्यावर टांकी रिकामी करून ठेवतात.

यापुढील प्रश्न मात्र हत्यारांनीं सुटण्यासारखे नाहींत. एंजिन नव्यासारखें चकचकीत करावें कीं शर्यतींतले ओरखडे तसेच ठेवावे? तें चालवावें कीं कांचेच्या कपाटांत ठेवावें? चालविलें तर झिजतें, आणि मोडलेला भाग पुन्हां मिळेलच असें नाहीं. न चालविलें तर त्याचा आवाज, त्याचा वास, तें हातांत कसें ओढ घेतें हें ज्ञान लोपतें. या वादांत आम्हांस आमच्या पुण्याचें एक उदाहरण आठवतें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें व तें १९६६ सालीं पुरें झालें. तेथील पंडितांनीं सर्वांत सुंदर पाठ निवडला नाहीं. सर्वांत विश्वसनीय पाठ निवडला, आणि गाळलेले पाठ तळटीपेंत जपून ठेवले. आमच्या मतें एंजिनासही हाच न्याय लागू पडतो. जें बदललें तें लिहून ठेवावें, काढलेला भाग फेंकूं नये, कारागिराच्या हाताची खूण घांसून पुसूं नये. आणि एवढें पथ्य पाळून एंजिन वर्षांतून थोडें तरी चालवावें. ईगल रिव्हर येथें अजूनही जुन्या गाड्यांच्या निराळ्या शर्यती होतात, आणि तेथें हीं एंजिनें पुन्हां बर्फावर गर्जतात.

कोणी म्हणेल, या खटाटोपाचा उपयोग काय? आमचें उत्तर असें कीं, येथें धातूपेक्षां मोठी वस्तु पणास लागली आहे. १९७० च्या सुमारास जे कारागीर तिशींत होते ते आज ऐंशीच्या पुढें गेले आहेत. कोणतें द्वार किती कोरावें, कोणत्या थंडींत कोणती तोटी घालावी, हें त्यांपैकीं पुष्कळांनीं कधीं लिहिलें नाहीं. तें त्यांच्या बोटांत होतें. एकेक वृद्ध जातो आणि एकेक ग्रंथ नाहींसा होतो. म्हणून तिकडील शहाणे संग्राहक एंजिन विकत घेण्यापूर्वीं म्हाताऱ्याजवळ वही घेऊन बसतात, आणि मग पाना हातीं धरतात. एंजिन दहा वर्षें थांबूं शकतें, म्हातारा थांबूं शकत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें आहे. आपल्या मोठ्या कुटुंबांतूनही बोटांत ज्ञान असलेलीं वृद्ध माणसें आहेत. हा क्रम आपणही उचलावा.