वजन आधी हाताला कळू दे

शेरास सव्वाशेर, तोळामासा प्रकृती, पायलीचे पन्नास... आपण बायका हे शब्द सहज बोलून जातो. पण घरातल्या तिसरी-चौथीतल्या पोराला विचारून बघा, "शेर म्हणजे काय रे?" तो खुशाल सांगेल, "सिंह!" हसू येतं खरं. पण त्याच मुलाला 'एक किलोचे ग्रॅम किती' विचारलं तर 'हजार' हे उत्तर तयार असतं आणि हातात कांदा दिला तर तो दहा ग्रॅमचा की शंभर ग्रॅमचा, हे मात्र सांगता येत नाही. इथे हसू थांबतं.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना मुर्धे, राई, मोर्वा ही गावं लागतात. राईत मी संध्याकाळी पहिली ते चौथीच्या मुलांचा अभ्यास घेते. वजनाचा धडा आला की पोरं भराभरा गणितं सोडवतात. मग मी विचारते, "एक किलो मीठ जड की एक किलो कुरमुरे?" आमचा परिसर मिठागरांचा. मीठ या मुलांच्या ओळखीचं. सगळे एका सुरात ओरडतात, "मीठ!"

असं का होतं? लांबी डोळ्यांना दिसते. ही पेन्सिल मोठी, ती छोटी, एका नजरेत कळतं. वजन मात्र दिसत नाही, ते कळायला वस्तू उचलावीच लागते. पूर्वी वाण्याच्या दुकानात उभं राहिलं की तराजूचं पारडं खाली-वर होताना दिसायचं. आता काट्यावर लाल आकडे उमटतात नि पिशवी हातात येते. मुलांना आकडा दिसतो, पण त्यामागचा भार कळत नाही. म्हणून मैत्रिणींनो, सुरुवात वहीतून नको, हातातून करा.

पहिली पायरी अंदाजाची. मुलाचे डोळे बांधा, एका हातात बटाटा द्या, दुसऱ्या हातात लिंबू. जड कोणतं? मग जरा फसवा. एका हातात फुगवलेला फुगा, दुसऱ्या हातात सुपारी द्या आणि डोळे उघडायला सांगा. 'मोठं ते जड' हा समज तिथेच ढासळतो.

दुसरी पायरी तराजूची. तो विकत आणायला नको. खाचांचा जाड हँगर घ्या, दोन्ही टोकांना सारख्या लांबीच्या सुतळीने दोन सारख्या करवंट्या टांगा आणि हँगर खिळ्याला मोकळा लटकवा. रिकामा असताना तो आडवा राहत नसेल, तर वर गेलेल्या बाजूला थोडी कणीक चिकटवा. आता लिंबू विरुद्ध गोट्या! कुणाचं लिंबू सात गोट्यांचं, कुणाचं नऊ. गोट्यांऐवजी चिंचोके घेतले की आकडा आणखी वेगळा. मुलं भांडायला लागतात, "माझंच बरोबर!" भांडू द्या. सगळ्यांचं माप एकच हवं, हे सांगण्यापेक्षा त्या भांडणातून लवकर कळतं.

आपल्या देशातही हेच झालं होतं. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, आणि चाळीस शेरांचा मण. पण शेर गावोगाव वेगळा असायचा. म्हणून १९५६ साली कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि एप्रिल १९६२ पासून ते सक्तीचे झाले. आजी-पणजीची पायली, चिपटं, मापटं ही तर वजनं नव्हेतच, ती भांड्याची मापं. पायलीभर तांदूळ आणि पायलीभर सुका जवळा यांचं वजन एक कसं असेल? बाजारात अजूनही मासळी वाट्यावर मिळते, सुकट मापाने आणि कांदे-बटाटे किलोने. मुलाला सोबत नेलंत तर एका फेरीत तिन्ही पद्धती दाखवता येतात.

तिसरी पायरी खऱ्या वजनाची. एक किलो मिठाची पिशवी फोडा. दोन्ही पारड्यांत मीठ घालत घालत ते सारखं करा, की अर्धा-अर्धा किलो झाला. त्यातल्या एकाचे पुन्हा दोन भाग केले की पाव किलो. ही पुरचुंडी बांधून ठेवा, तेच घरचं माप. एका पारड्यात ती ठेवा आणि दुसऱ्यात पिशवी टांगून कुरमुरे भरत जा. पिशवी फुगून टम्म होते तेव्हा कुठे पारडी सारखी होतात. 'मीठ!' म्हणणारी पोरं मग गप्प बसून बघत राहतात.

हे नवीन नाही, बरं का. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातच ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे १९५७ साली काम कोसबाडला गेलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून या दोघींनी परिसरात मिळणाऱ्या बिया, शंख-शिंपले, पानं यांतून शिक्षण उभं केलं. आपल्याकडेही करवंट्या आणि चिंचोके आहेतच की!

पुढच्या वर्गांत 'वस्तुमान' हा शब्द येतो आणि मुलं गोंधळतात. सोपं करून सांगा. वस्तूत जेवढा ऐवज आहे ते वस्तुमान. पृथ्वी तिला जेवढ्या जोराने ओढते ते वजन. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपलं चांद्रयान-३ जिथे उतरलं, तिथे चंद्राची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश. इथला चोवीस किलोचा मुलगा तिथे स्प्रिंगच्या काट्यावर चारच किलो दाखवेल. पण तराजू नेला तर त्याच्यासमोर चोवीस किलोचीच वजनं ठेवावी लागतील, कारण ओढ दोन्ही पारड्यांना सारखीच कमी!

हा सगळा खटाटोप फक्त मार्कांसाठी आहे का? नाही. तेलाच्या लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम का लिहितात, हे ज्याला कळलं तो मोठेपणी लिटर आणि किलोच्या घोळात सापडत नाही. गॅस सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्या टाकीचं वजन येतं. चौथीतल्या मुलीला हे गणित घालून टाकी काट्यावर ठेवायला सांगा. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, ते घरी मोजून बघू दे. दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी सरकारी पडताळणी व्हावी लागते, त्याचा शिक्का बघायची सवयही आत्ताच लागू दे.

आणि सगळ्यात मोलाचं वजन तान्ह्या बाळाचं. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी असलेल्या बाळाला जास्त जपावं लागतं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, तेव्हा तो आकडा कार्डावर चढवून विसरायचा नसतो, मागच्या महिन्यापेक्षा वाढ झाली का ते बघायचं असतं. पाव किलो म्हणजे किती, हे जिच्या हाताला लहानपणीच कळलंय, तिला बाळाचं पाव किलो घटलं तर त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागणार नाही.